बर्कलीच्या टेपपासून फ्रीबीएसडीपर्यंत

१९७८ सालचा मार्च महिना. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकणारा बिल जॉय नावाचा विद्यार्थी आपला आणि सहकाऱ्यांचा कोड चुंबकीय टेपवर भरून मागेल त्याला पाठवू लागला होता. टेपवर पास्कल भाषेत प्रोग्राम लिहिण्याची सोय होती आणि 'एक्स' नावाचा एडिटर होता. अशा जेमतेम तीसेक टेपा बाहेर गेल्या. या संचाचं नाव होतं बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन, म्हणजे बीएसडी. आज फ्रीबीएसडी या नावाने जी ऑपरेटिंग सिस्टिम चालते, तिची वंशावळ थेट त्या टेपांपर्यंत पोचते.

मला ही सिस्टिम मनापासून आवडते. ती समजावून सांगायला वैशिष्ट्यांची यादी पुरत नाही, कारण तिच्यातली जवळपास प्रत्येक चांगली आणि अडचणीची गोष्ट कुठल्या तरी जुन्या प्रसंगातून आली आहे. म्हणून आधी गोष्ट, मग वैशिष्ट्यं.

टेलिफोन कंपनीचं युनिक्स

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपले प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असलेला कारभारी. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कुठे लिहायचं, प्रोसेसरवर कोणाची पाळी आधी, हे सगळं तो ठरवतो. या कारभाऱ्याचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्याभोवती रोजच्या वापरातल्या कमांड, लायब्ररी आणि सेवा असतात. त्या भागाला यूजरलँड म्हणतात. हे दोन शब्द पुढे लागणार आहेत.

युनिक्सचा जन्म १९६९चा, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समधला. केन थॉम्प्सनने डीईसी कंपनीच्या पीडीपी-७ या यंत्रावर ते सुरू केलं आणि डेनिस रिची लगेच त्याच्या जोडीला आला. १९७३ मध्ये त्यांनी कर्नल सी भाषेत नव्याने लिहिलं. तोवर ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा त्या त्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिली जायची, त्यामुळे यंत्र बदललं की बरंचसं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं. सी भाषेमुळे युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागलं.

त्याच वर्षी पाइपही आला. कल्पना डग मॅकइलरॉयची, ती प्रत्यक्षात आणली थॉम्प्सनने. एका कमांडमधून जे बाहेर पडतं ते थेट दुसरीच्या तोंडी द्यायचं, एवढंच ते. समजा, वेबसाइटच्या नोंदवहीत लाखो ओळी आहेत आणि चुकीच्या पत्त्यावर कोण वारंवार धडकतंय ते शोधायचं आहे. 'ग्रेप' हव्या त्या ओळी निवडते, 'कट' त्यातला येणाऱ्याच्या पत्त्याचा रकाना काढते, 'सॉर्ट' ते क्रमाने लावते, 'युनिक' सारखे पत्ते मोजते. चारही कमांड लहान आहेत आणि एकीला दुसरीची काही माहिती नाही. तरी एका ओळीत चौघी मिळून असं काम करतात, ज्यासाठी एरवी वेगळा प्रोग्राम लिहावा लागला असता. युनिक्स शिकणाऱ्याने आधी पाइप हातात बसवावा, बाकीचं आपोआप उलगडत जातं.

बेल लॅब्सची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी. १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे तिला टेलिफोनचा व्यवसाय सोडून इतर धंद्यांत उतरायला बंदी होती, त्यामुळे युनिक्स बाजारात विकणं तिला शक्य नव्हतं. विद्यापीठांना ते नाममात्र शुल्कात मिळायचं, आणि मिळायचं ते सोर्स कोडसकट. मदत मात्र शून्य. काही बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा. या दोन गोष्टींमुळे विद्यापीठातली मुलं कोड उघडून वाचू लागली, दुरुस्त करू लागली आणि आपसांत वाटू लागली.

बर्कली

बर्कलीत युनिक्सची टेप आली १९७४च्या जानेवारीत. पुढच्याच वर्षी थॉम्प्सन स्वतः वर्षभर तिथे शिकवायला आला, कारण तो मूळचा बर्कलीचाच विद्यार्थी. त्याच सुमारास बिल जॉय आणि चक हेली तिथे दाखल झाले. पहिल्या टेपनंतर १९७९ मध्ये दुसरी निघाली, तिच्यात जॉयचा व्हीआय एडिटर आणि सी शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, होता. सर्व्हरवर काम करणाऱ्या कोणालाही आज व्हीआयची बोटांना सवय असते, ती या दुसऱ्या टेपची देणगी. तिसरी आवृत्ती व्हॅक्स या मोठ्या यंत्रासाठी होती आणि तिच्यात व्हर्च्युअल मेमरी आली. प्रत्यक्ष मेमरीपेक्षा मोठा प्रोग्रामही चालवता येऊ लागला, कारण लागत नसलेला भाग डिस्कवर ठेवून लागेल तसा आत आणला जायचा.

मग अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, म्हणजे डार्पाने, बर्कलीला पैसे दिले. त्यांना आपल्या नेटवर्कवरच्या संशोधकांसाठी एक समान सिस्टिम हवी होती. त्यातून १९८३च्या ऑगस्टमध्ये ४.२बीएसडी आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची आवृत्ती हीच. तिच्यात टीसीपी-आयपी होतं, म्हणजे इंटरनेटवर संगणक ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते. त्याचं पहिलं रूप दुसऱ्या एका कंपनीने लिहिलेलं होतं, जॉयने ते बीएसडीत बसवून त्याचा वेग वाढवला. शिवाय 'सॉकेट' ही कल्पना होती. दूरच्या संगणकाशी जोडणी करायची तर प्रोग्रामने सॉकेट उघडायचं आणि मग फाइलीत लिहावं-वाचावं तसं त्यात लिहायचं-वाचायचं. आज लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड, कुठेही नेटवर्कचा प्रोग्राम लिहा, त्यामागे बर्कलीच्या सॉकेटचाच साचा सापडतो.

४.२ मधली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे मार्शल कर्क मॅकक्युसिक आणि सहकाऱ्यांनी लिहिलेली फास्ट फाइल सिस्टिम. जुन्या पद्धतीत एका फाइलीचे तुकडे डिस्कभर विखुरले जायचे आणि डिस्कच्या वेगापैकी जेमतेम २ ते ४ टक्के वेग पदरात पडायचा. नव्या पद्धतीत एकमेकांशी संबंधित गोष्टी जवळजवळ ठेवल्या आणि हा आकडा ४७ टक्क्यांपर्यंत गेला. डिस्क तीच होती, फक्त मांडणी बदलली.

जॉय मात्र ही आवृत्ती बाहेर पडण्याआधीच, १९८२ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्स या नव्या कंपनीत गेला होता. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनच्या यंत्रांवर चालणारं सनओएस बीएसडीवरच उभं होतं.

एकेक वासा बदलताना

१९८०च्या दशकात एटी अँड टी कंपनीची फोड झाली, धंद्यावरचं बंधन सुटलं आणि युनिक्सचा परवाना महाग होत गेला. बर्कलीचा कोड घ्यायचा तर आधी एटी अँड टीचा परवाना हवा, कारण बर्कलीने कितीही भर घातली तरी पाया त्यांचाच होता. अनेकांना त्यातलं फक्त नेटवर्किंग हवं होतं. म्हणून १९८९ मध्ये बर्कलीने स्वतः लिहिलेला तेवढा भाग वेगळा काढून मोकळा केला. वापरा, बदला, विका, फक्त आमचं नाव राहू द्या, अशी अट होती.

इथे कीथ बोस्टिकने एक विचार मांडला, जो ऐकून त्याचे सहकारीसुद्धा साशंक झाले. नेटवर्किंगच का, सगळंच मोकळं करू! त्यासाठी एटी अँड टीने लिहिलेली प्रत्येक कमांड आणि लायब्ररी मूळ कोड न पाहता, फक्त तिचं वर्णन वाचून नव्याने लिहायला हवी होती. बोस्टिक परिषदांमधून लोकांना गळ घालत फिरला. मोबदला काय? तुमच्या लिहिलेल्या भागावर तुमचं नाव. दीड वर्षात जवळपास सगळ्या महत्त्वाच्या कमांड नव्याने लिहून झाल्या. मग बोस्टिक, माइक कॅरल्स आणि मॅकक्युसिक कर्नल घेऊन बसले आणि एकेक फाइल तपासत एटी अँड टीचा कोड बाजूला काढत गेले. शेवटी फक्त ६ फाइली अशा उरल्या, ज्या सहजी बदलता येत नव्हत्या. १९९१च्या जूनमध्ये त्या ६ फाइली वगळून बाकी सगळं 'नेटवर्किंग रिलीज २' या नावाने बाहेर पडलं. माणसं आत राहत असताना जुन्या वाड्याचा एकेक वासा, एकेक तुळई बदलावी, तसं हे काम होतं.

बिल आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने त्या ६ फाइलींची जागा भरून काढली आणि साध्या पीसीवर, म्हणजे इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर, चालणारं ३८६बीएसडी १९९२ मध्ये खुलं केलं. लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. दुरुस्त्यांचा ओघ इतका की त्या एकत्र करण्यासाठी वेगळा संच करावा लागला. तो सांभाळणारे नेट विल्यम्स, रॉड ग्राइम्स आणि जॉर्डन हबर्ड यांनी अखेर स्वतःचा प्रकल्प सुरू केला. डेव्हिड ग्रीनमनने सुचवलेलं फ्रीबीएसडी हे नाव १९ जून १९९३ रोजी पक्कं झालं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने नेटबीएसडी सुरू केली होती, आणि पुढे तिच्यातून ओपनबीएसडी निघाली. ही तिन्ही भावंडं आजही चालू आहेत.

दरम्यान कोर्टात खटला उभा राहिला होता. बर्कलीतली काही मंडळी बीएसडीआय नावाची कंपनी काढून हाच कोड विकत होती, आणि एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने १९९२ मध्ये तिच्यावर दावा ठोकला. पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं. विद्यापीठाने उलट दावा केला की तुम्ही आमचा कोड घेतलात आणि आमचं नाव गाळलंत. ही युनिक्स शाखा नंतर नॉव्हेल कंपनीने विकत घेतली आणि १९९४च्या सुरुवातीला तडजोड झाली. १८,००० फाइलींपैकी ३ काढून टाकायच्या, काही थोड्या बदलायच्या, सुमारे ७० फाइलींवर युनिक्स शाखेच्या हक्काची, म्हणजे कॉपीराइटची, ओळ लावायची. एवढ्यासाठी जवळपास दोन वर्षं बीएसडीवर टांगती तलवार राहिली. त्याच काळात फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्सचं लिनक्स झपाट्याने वाढत होतं. ३८६बीएसडी आधी मिळालं असतं तर लिनक्स लिहिण्याची गरज बहुधा पडली नसती, असं टॉरवाल्ड्सने स्वतः नंतर सांगितलं आहे. मला या घटनेची आजही हळहळ वाटते. तंत्रात काही कमी नव्हतं, वेळ हुकली.

तडजोडीनंतर फ्रीबीएसडीला आपला पाया पुन्हा घालावा लागला. वादातीत ठरलेल्या, बर्कलीच्याच ४.४बीएसडी-लाइट या आवृत्तीवर सगळं नव्याने बसवून १९९४च्या अखेरीस दुसरी आवृत्ती आली. पुढच्या वर्षी बर्कलीतला संशोधन गट बंद झाला.

एका हाताची सिस्टिम

आता इतिहासातून वैशिष्ट्यांकडे. बर्कली नेहमी कर्नल, कमांड, लायब्ररी आणि माहितीपुस्तिका असं सगळं एकत्र देत असे. फ्रीबीएसडीने हेच वळण ठेवलं आणि तिचा स्वभाव त्यातूनच घडला. लिनक्स हे खरं तर फक्त कर्नल. कमांड बहुतांशी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या वेगळ्या प्रकल्पाच्या, सेवा सुरू करणारी यंत्रणा तिसऱ्यांची, आणि हे सगळं जुळवून देणारे उबुंटू किंवा फेडोरासारखे चौथे. फ्रीबीएसडीत मूळ सिस्टिम एकाच कोडसंग्रहात आहे, एकच गट ती सांभाळतो आणि ती एकत्रच प्रसिद्ध होते. कर्नलमध्ये नवी सोय आली की ती वापरणारी कमांड आणि तिचं माहितीपान बरोबरच बदलतं. म्हणून फ्रीबीएसडीची माहितीपानं विश्वासाने वाचता येतात. तिचं हँडबुक तर मी नव्या माणसाला सरळ पहिल्या पानापासून वाचायला सांगते.

यातून आणखी एक गोष्ट साधते. मूळ सिस्टिम एकीकडे आणि तुम्ही नंतर बसवलेलं सगळं दुसरीकडे, 'यूएसआर'मधल्या 'लोकल' फोल्डरमध्ये, अशी स्पष्ट विभागणी असते. डेटाबेस, वेब सर्व्हर, पायथन, सगळं 'लोकल'मध्ये. बसवलेलं सगळं काढून टाकलं तरी मूळ सिस्टिम जशीच्या तशी उभी राहते. बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी 'पोर्ट्स' नावाचा संग्रह आहे आणि त्यात ३०,०००हून जास्त गोष्टी आहेत. सुरू होताना कोणत्या सेवा चालवायच्या, हे बहुतेक एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. कोणी सोडून गेलेला सर्व्हर माझ्याकडे आला की मी आधी ती फाइल उघडते. पाच मिनिटांत कळतं की हे यंत्र कशासाठी आहे.

जेल आणि झेडएफएस

युनिक्समध्ये 'रूट' हा सर्वाधिकारी. त्याच्या हाती सगळं असतं, आणि खरी अडचण तीच आहे. एका सर्व्हरवर दोन ग्राहकांच्या साइट असतील आणि दोघांनाही रूटचे अधिकार हवे असतील, तर काय करायचं? पॉल-हेनिंग कॅम्पने याचं उत्तर 'जेल' या रूपात दिलं आणि मार्च २०००च्या ४.० आवृत्तीत ते आलं. जेलमधल्या प्रोग्रामना आपल्यापुरतंच फोल्डरांचं जग दिसतं, आपला आयपी पत्ता असतो, बाहेर काय चाललंय ते दिसत नाही. आतल्या रूटला आत सगळे अधिकार, पण भिंतीपलीकडे हात पोचत नाही. कर्नल मात्र सर्वांचा एकच, त्यामुळे वेगळ्या आभासी यंत्राचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा, भार पडत नाही. आज ज्याला कंटेनर म्हणतात ती कल्पना हीच, आणि कंटेनरचं लोकप्रिय साधन डॉकर आलं २०१३ मध्ये.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम मूळची सन कंपनीची, तिच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेली. पावेल याकुब डाविडेकने ती फ्रीबीएसडीवर आणली आणि २००८च्या ७.० आवृत्तीपासून ती मिळू लागली. तिची दोन तत्त्वं कळली की पुरे. पहिलं, जुन्या मजकुरावर कधीच लिहायचं नाही. बदल झाला की तो नव्या जागी लिहायचा आणि सगळं नीट लिहून झाल्यावरच जुन्याकडचा निर्देश नव्याकडे वळवायचा. मध्येच वीज गेली तरी जुनं शाबूत. जुनं पुसलं जात नसल्याने 'स्नॅपशॉट', म्हणजे या क्षणीचं संपूर्ण चित्र, क्षणात राखून ठेवता येतं. दुसरं तत्त्व, प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला आकडा, वेगळी जपायची आणि वाचताना दर वेळी ती जुळवून बघायची.

दुसऱ्या तत्त्वाचं मोल मला घरच्या फोटोंमुळे कळलं. आईबाबांचे जुने फोटो स्कॅन करून दोन जोडडिस्कांवर, म्हणजे दोन्हींवर तेच, ठेवले होते. नेहमीच्या तपासणीत झेडएफएसने सांगितलं की एका डिस्कवरचे काही तुकडे बिघडले होते, ते दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त केले आहेत. डिस्कने स्वतः कधीच तक्रार केली नव्हती. साध्या फाइल सिस्टिमने तो बिघडलेला मजकूर मुकाट्याने माझ्या हाती दिला असता, आणि मी त्याचाच बॅकअप घेत राहिले असते.

झेडएफएस आणि मूळ सिस्टिमची एकजूट यांच्या संगमातून 'बूट एन्व्हायर्नमेंट' निघालं. अपग्रेडच्या आधी सिस्टिमची एक प्रत राखायची. नवं बिघडलं तर यंत्र सुरू होतानाच्या यादीतून जुनी प्रत निवडायची. रात्री दोन वाजता अपग्रेड करणाऱ्याला याची किंमत माहीत असते.

घेऊन जा, नाव राहू द्या

बीएसडीचा परवाना अवघ्या काही ओळींचा आहे. कोड घ्या, बदला, विका, स्वतःचे बदल गुप्त ठेवा, हरकत नाही. हक्काची ओळ आणि अटी काढू नका, आणि काही बिघडलं तर आम्हाला जबाबदार धरू नका. लिनक्सच्या जीपीएल परवान्यात मात्र बदललेली सिस्टिम वाटायची तर बदलही खुले करावे लागतात.

म्हणूनच फ्रीबीएसडी बहुधा दुसऱ्या नावाने भेटते. सोनीच्या प्लेस्टेशन ४ मधली सिस्टिम तिच्यावर बेतलेली आहे. जुनिपर या नेटवर्क कंपनीच्या राउटरमध्ये ती आहे. ॲपलच्या मॅकओएसमध्ये तिचे बरेच भाग आहेत. व्हॉट्सॲपने सुरुवातीच्या काळात आपले सर्व्हर तिच्यावर चालवले, आणि एका सर्व्हरवर एकाच वेळी २० लाखांहून जास्त जोडण्या पेलत असल्याचं २०१२ मध्ये जाहीर केलं. नेटफ्लिक्सचे चित्रपट पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात, आणि एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट डेटा पाठवता येतो, हे त्यांच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये दाखवलं.

कंपन्या फुकट नेतात आणि परत काही देत नाहीत, याचा मला पूर्वी राग यायचा. काही तसं करतातही. पण नेटफ्लिक्सने आपल्या बऱ्याच सुधारणा मूळ प्रकल्पात परत घातल्या, आणि त्यामागे व्यवहार आहे. स्वतःचे बदल वेगळे सांभाळत बसलं तर दर नव्या आवृत्तीला ते पुन्हा जुळवावे लागतात, आणि हा खर्च वाढतच जातो. परत दिले की सगळे मिळून सांभाळतात.

अडचणी खऱ्या आहेत. लॅपटॉपवर वाय-फाय आणि ग्राफिक्स नीट चालेलच असं नाही. ग्राफिक्सचे बरेच ड्रायव्हर तर लिनक्सकडूनच आणावे लागतात. माणसं कमी, त्यामुळे नव्या यंत्रांना आधार मिळायला उशीर होतो. प्रकल्प चालवणारा ९ जणांचा गट कोड लिहिणारेच दर दोन वर्षांनी निवडून देतात, आणि कारभार बराचसा स्वयंसेवेवर. घरच्या कामासाठी पहिली सिस्टिम म्हणून मी ती कोणाला सुचवणार नाही. सर्व्हर, फाइलींचा साठा, राउटर किंवा युनिक्स आतून समजून घेणं, यांसाठी मात्र जरूर सुचवेन. व्हर्च्युअल मशीनवर बसवायला अर्धा तास पुरतो. समोर काळा पडदा आणि लॉगिनची ओळ येईल, तिथे घाबरू नका.

आणि सोर्स कोडही बसवून घ्या. त्यातली 'कॅट' या साध्यासुध्या कमांडची फाइल उघडा, जी फाइलीतला मजकूर पडद्यावर दाखवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. माथ्यावर १९८९ हे साल दिसेल, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हक्काची ओळ दिसेल, आणि त्याखाली लिहिलेलं असेल की हा कोड केव्हिन फॉल यांनी बर्कलीला दिलेल्या कामावरून घेतला आहे. बोस्टिकने कबूल केलेलं ते नाव अजून तिथे आहे.